नलोपाख्यान आणि परभाषेचे पहिले पुस्तक

१८१९ साली फ्रांझ बोप या जर्मन पंडिताने महाभारतातील नलोपाख्यान मूळ संस्कृतात, लॅटिन भाषांतर व टिपा जोडून, लंडन येथे छापून प्रसिद्ध केले. त्या काळी युरोपात संस्कृत शिकू पाहणाऱ्याची साधने फारच तुटपुंजी होती. विल्किन्स यांचे व्याकरण १८०८ मध्ये निघाले होते. होरेस हेमन विल्सन यांचा संस्कृत-इंग्रजी कोश त्याच १८१९ साली कलकत्त्यास छापला जात होता. शिकवणारे विरळा, बोलणारा समाज सहस्रावधी मैल दूर आणि कोश अद्याप हाती यावयाचा, अशा स्थितीत बोप यांनी नवख्या वाचकापुढे एक संपूर्ण गोष्ट ठेवली. या निवडीचे अनुकरण पुढे इतक्यांनी केले की ती केवळ एका माणसाची आवड होती असे म्हणता येत नाही. मोनियर-विल्यम्स यांनी १८६० मध्ये ऑक्सफर्ड येथे हेच उपाख्यान शब्दसंग्रहासह छापले. हार्वर्ड येथील चार्ल्स लॅनमन यांनी १८८४ मध्ये आपल्या संस्कृत पाठमालेचा आरंभ याच उपाख्यानाच्या पहिल्या पाच अध्यायांनी केला. पाश्चात्त्य विद्यापीठांत संस्कृताची पहिली ओळख निषध देशाच्या या राजाच्या द्वारे होऊ लागली ती अशी.

मराठी वाचकाला या गोष्टीची ओळख करून देण्याचे कारण नाही. दमयंती विदर्भाची, तिच्या माहेरचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर अशी परंपरा आहे, आणि रघुनाथपंडिताच्या आख्यानाने तो हंस मराठी काव्यात कायमचा वास करून राहिला आहे. येथे विचार करावयाचा तो कथेच्या गोडीचा नव्हे, तर परभाषा शिकवण्याचे साधन म्हणून ही कथा कशी चालते याचा. ललित वाङ्मय परभाषेच्या अध्यापनात केव्हा आणावे व कोणते आणावे, या जुन्या वादात बहुतेक मते सामान्य विधानांच्या पातळीवर मांडली जातात. एखादे प्रत्यक्ष पुस्तक समोर घेऊन त्याच्या भाषेची मोजदाद केली तर तो वाद काहीसा वेगळा दिसू लागतो.

साहित्य शेवटी आणावे, हा पक्ष दुबळा नाही. हेन्री स्वीट यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाभ्यासविषयक ग्रंथात अध्ययनाच्या पाच अवस्था कल्पिल्या आहेत; त्यांत वाङ्मयीन अवस्था चौथी व प्राचीन भाषेची पाचवी. बोलीची पक्की बैठक झाल्यावाचून वाङ्मयाला हात घालणे म्हणजे पायाआधी शिखर बांधणे, असा त्यांचा एकूण रोख आहे. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये भाषाक्षमतेची जी सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली, तिच्या स्वमूल्यमापनाच्या तक्त्यातही समकालीन ललित गद्य समजणे ही गोष्ट चौथ्या पायरीवरच येते. शंभर वर्षांच्या अंतराने दोघांनी चौथाच क्रमांक द्यावा हा योगायोग असेल, परंतु दृष्टी एकच आहे. २०२० च्या पूरक खंडात सर्जनशील लेखनाच्या वाचनासाठी व आस्वादासाठी वेगळ्या श्रेणी जोडल्या गेल्या, हे खरे. तथापि अभ्यासक्रम आखणारे बहुधा मूळ चौकटीकडेच पाहतात, आणि साहित्य शेवटच्या वर्षाचे बक्षीस होऊन बसते. ते बक्षीस घ्यावयास वर्गात किती जण उरलेले असतात, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

स्वीट यांची दुसरी बाजू मात्र पुष्कळदा विसरली जाते. नियम आणि सुटे शब्द यांची बेरीज केली की वाक्य तयार होते, या समजुतीला त्यांनी अंकगणिती भ्रम म्हटले आहे. सुट्या वाक्यांच्या अभ्यासावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांना सलग मजकूर हवा होता, फक्त तो साधा व बोलीतला हवा होता. आता ज्या भाषेची घरगुती बोली शिकणाऱ्याच्या आटोक्यात नाही, तेथे असा सलग व साधा मजकूर कोठून आणावयाचा? एक तर तो शिक्षकाने रचावा, नाही तर वाङ्मयात शोधावा. बोप यांनी तो शोधला.

वाङ्मयीन थोरवी हा निकष असता तर निवड निराळी झाली असती. 'शाकुंतला'चे जोन्स यांचे इंग्रजी भाषांतर १७८९ मध्ये निघाले व त्याने युरोप मोहून गेला. तरी कोणत्याही शहाण्या शिक्षकाने नवख्या विद्यार्थ्याला 'शाकुंतला'वर बसवले नाही. त्यात स्त्रिया व इतर बरीच पात्रे प्राकृत बोलतात, म्हणजे एका भाषेऐवजी दोन शिकाव्या लागतात. शिवाय समासांची गुंफण दाट. 'हितोपदेश' हा अधिक बळकट उमेदवार होता. सेरामपूर येथे तो १८०४ मध्ये छापला गेला होता आणि मॅक्स म्यूलर यांनी १८६४ मध्ये तो ओळीखाली उच्चार व पदपरिचय देऊन विद्यार्थ्यांसाठी तयार केला. त्याचे गद्य खरोखरच सोपे आहे. परंतु गोष्ट दोन पावले चालली की एक सुभाषित आडवे येते, आणि प्रत्येक सुभाषिताचा विषय नवा, शब्द नवे, रचना नवी. जे शब्द काल कोशात पाहिले ते आज पुन्हा भेटत नाहीत. नलोपाख्यानात ते भेटतात, आणि पुनःपुन्हा भेटतात.

उपाख्यानाचा पहिलाच श्लोक घ्यावा. त्यात अकरा पदे आहेत. क्रियापद एकच, 'आसीत्', आणि तेही आरंभी. 'नाम' हे अव्यय. दोन पदे तृतीयेच्या बहुवचनात, एकमेकांचे विशेष्य-विशेषण. उरलेली सातही पदे प्रथमेच्या एकवचनात असून ती सारी एकाच माणसाकडे बोट दाखवतात. विद्यार्थ्याला एवढेच कळावयाचे असते की कोणी एक होता, आणि पुढे येणारा जवळजवळ प्रत्येक शब्द त्याच्याविषयीच आहे. संधीचीही तीच गत. अकारापुढील विसर्गाचा ओकार होण्याचा संधी या एका श्लोकात तीन वेळा येतो. नियम सांगण्यापूर्वीच तो कानावर पडलेला असतो. समास आहेत, पण अश्वविद्येत निपुण, वीरसेनाचा पुत्र, अशा सहज उलगडणाऱ्या जातीचे. दुसऱ्या श्लोकात उपमा येते, ती एकदा 'यथा'ने व एकदा 'इव'ने. म्हणजे एकाच कामाची दोन हत्यारे शेजारी शेजारी मांडलेली.

याहून महत्त्वाची गोष्ट त्या सात प्रथमांत दडलेली आहे. 'राजा', 'बली' आणि 'रूपवान्' ही तीन रूपे अनुक्रमे राजन्, बलिन् व रूपवत् या प्रातिपदिकांची. आपल्याकडील रूपावलीत अजन्त शब्द संपल्यावाचून हलन्त शब्द येत नाहीत. विद्यार्थी 'देव'पासून निघतो, सर्व वचने व सर्व विभक्ती घोकतो, आणि 'राजन्' शब्दापर्यंत पोचण्यास त्याला महिने लागतात. रूपावलीचा क्रम शास्त्राचा आहे व शास्त्र म्हणून तो निर्दोष आहे. वाङ्मयाचा क्रम गरजेचा आहे. गोष्टीला राजा पहिल्या ओळीत लागतो, म्हणून 'राजा' हे रूप पहिल्या ओळीत येते. त्याचे सप्तमीचे द्विवचन कदाचित शेवटपर्यंत लागत नाही, म्हणून येत नाही. रूपावली प्रत्येक रूपाला सारखेच वजन देते. भाषा तसे देत नाही. 'देव' शब्द अस्खलित म्हणणारा परंतु महाभारताचे एक पान स्वतःच्या बळावर न वाचू शकणारा विद्यार्थी महाराष्ट्रातील शिक्षकांच्या ओळखीचा आहे. त्याच्या हाती सर्व नाणी सारख्या मोलाची म्हणून दिलेली असतात, आणि बाजारात गेल्यावर कोणते चालते हे त्याला ठाऊक नसते.

रा. गो. भांडारकरांनी १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातील शाळांसाठी 'मार्गोपदेशिका' लिहिली ती या दोहोंच्या मधली वाट म्हणून पाहता येईल. प्रत्येक पाठात थोडे व्याकरण, थोडे शब्द आणि दोन्ही बाजूंनी भाषांतर करण्यासाठी वाक्ये, ही तिची मांडणी केवळ पाठांतराहून खचित पुढची होती. त्याच काळात एल्फिन्स्टन कॉलेजात असलेले ब्यूलर यांनी १८८३ मध्ये व्हिएन्ना येथे जर्मन विद्यार्थ्यांसाठी पाठांचे जे पुस्तक काढले ते याच जातीचे. त्या वाक्यांतून व्याकरण पक्के होते यात शंका नाही. परंतु एका वाक्यातील राजाचा पुढील वाक्यातील राजाशी काही संबंध नसतो. त्यामुळे पुढचे वाक्य कशाविषयी असेल याचा अंदाज बांधता येत नाही. वाचनाची शक्ती मुख्यतः या अंदाजातच असते. भारतीय विद्यार्थ्याला नळाची गोष्ट आधीच ठाऊक असते, हा त्याचा केवढा मोठा लाभ आहे! बोपच्या वाचकाला तो लाभ नव्हता, म्हणून त्याला शेजारी लॅटिन द्यावे लागले.

आता पुनरुक्तीकडे वळावे. विसाव्या शतकातील भाषाशिक्षणाने साचेबंद वाक्यांच्या सरावाला फार महत्त्व दिले. वाक्याचा सांगाडा तोच ठेवावा, एक पद बदलावे व पुन्हा म्हणावे, अशी ती रीत. तिचा गुण सर्वांना मान्य आहे आणि तिचा कंटाळाही. नलोपाख्यानात हा सराव कथेच्या पोटातूनच येतो. स्वयंवरमंडपात दमयंतीपुढे नळाच्याच रूपाचे पाच पुरुष उभे राहतात, तेव्हा ती आपल्या सत्याची शपथ घालून देवांना विनविते. ज्याप्रमाणे मी अमुक केले नाही, त्या सत्याने देवांनी मला तो दाखवावा, असे ती लागोपाठच्या श्लोकांत म्हणते. प्रत्येक वेळी पूर्वार्ध बदलतो, उत्तरार्ध तोच राहतो. लोटाचे तृतीयपुरुषी बहुवचन येथे विद्यार्थ्याच्या कानात असे ठसते की पुन्हा शिकवावे लागत नाही. एरवी कंटाळवाणी वाटली असती अशी ही आवृत्ती येथे वाटत नाही, कारण दमयंतीला पुन्हा म्हणणे भागच आहे.

त्यापुढील भाग तर व्याकरणाच्या शिक्षकाने मागून घ्यावा असा आहे. देव प्रसन्न होऊन आपली चिन्हे प्रकट करतात. त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळा ताज्या, अंगावर धूळ नाही, पाय भूमीला टेकलेले नाहीत. ती त्यांना 'पाहते', म्हणून ही सारी विशेषणे द्वितीयेच्या बहुवचनात येतात: 'अस्वेदान्' इत्यादी. लगेच पुढे नळ. त्याची सावली पडते, माळ कोमेजली आहे, अंगावर धूळ व घाम आहे, पाय जमिनीवर आहेत, पापण्या लवतात. हेच गुण उलटे होऊन प्रथमेच्या एकवचनात येतात: 'म्लानस्रक्' इत्यादी. अनेकवचनासमोर एकवचन, द्वितीयेसमोर प्रथमा, नकारासमोर होकार. येथे विभक्ती ओळखणे म्हणजेच नळ ओळखणे होय. रूप चुकले तर नवरा चुकतो! कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला व्याकरणातील भेद आणि अर्थातील भेद इतका एकजीव करता आलेला नाही.

लॅनमन यांनी पाच अध्यायांवर थांबून विद्यार्थ्यांना स्वयंवरापर्यंत आणून सोडले, ही निवड मात्र अपुरी वाटते. द्यूत, वनवास आणि त्याग त्यांच्या पुढे राहिले. नळाने टाकून दिल्यावर दमयंती अरण्यात जे भेटेल त्याला नळाचा ठाव विचारीत फिरते. ती वाघाला विचारते, पर्वताला विचारते, अशोकवृक्षाला विचारते. प्रश्न एकच, संबोधन वेगळे. संबोधनाची रूपे आणि प्रश्नाची रचना यांचा असा पाठ दुसरीकडे मिळणे कठीण. आणि तो वाचताना सराव चालला आहे याची आठवणही विद्यार्थ्याला राहत नाही.

दोष नाहीत असे नाही. पात्रांच्या नावांचा पसारा नवख्याला छळतो. नळ म्हणजेच नैषध, पुण्यश्लोक व वैरसेनि. दमयंती म्हणजेच वैदर्भी व भैमी. आणि मध्येच 'कौन्तेय', 'भारत' अशी हाक येते ती कथेतील कोणालाच नसून कथा ऐकणाऱ्या युधिष्ठिराला असते. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी चार माणसांची दहा करतो. शिक्षक जागा असेल तर याच अडचणीतून निषधापासून नैषध, विदर्भापासून वैदर्भी, भीमापासून भैमी असा आदिवृद्धीचा तद्धितपाठ निघतो.

खरा दोष खोल आहे व तो सर्वच कथावाङ्मयाचा आहे. कथा तृतीयपुरुषात व भूतकाळात चालते. पाणिनीने लिट् हा लकार बोलणाऱ्याने न पाहिलेल्या भूतकाळासाठी सांगितला. बृहदश्व ऋषी जुनी गोष्ट सांगत असल्यामुळे 'जगाम', 'ददर्श', 'उवाच' यांची रेलचेल होते. स्वतःची कृती स्वतःला परोक्ष असणे दुर्मिळ, म्हणून त्याच लकाराचे उत्तमपुरुषी रूप विद्यार्थ्याला क्वचितच दिसते. केवळ निवेदन वाचून शिकलेला मनुष्य 'तो गेला' म्हणू शकेल, 'मी जातो' म्हणताना अडखळेल. नलोपाख्यान या आपत्तीतून पुष्कळसे वाचते ते त्यातील संवादांमुळे. हंसाचे बोलणे, देवांची आज्ञा, नळाची अडचण, दमयंतीचा निश्चय यांत वर्तमान, भविष्य, आज्ञार्थ, विध्यर्थ सारे येऊन जातात. म्हणून पहिले पुस्तक निवडताना त्यात संवाद किती, हे आधी पाहावे.

जिवंत भाषांत हा दोष अधिक बोचतो. जर्मन लोककथा, उदाहरणार्थ १८१२ पासून ग्रिम बंधूंनी प्रसिद्ध केलेल्या, तीन भाऊ, तीन प्रश्न, तीन रात्री अशा आवृत्तीने भरलेल्या आहेत व त्या अर्थी नलोपाख्यानाच्या सख्ख्या बहिणी आहेत. परंतु त्यांचे निवेदन ज्या साध्या भूतकाळात चालते तो रोजच्या बोलण्यात, विशेषतः दक्षिणेकडे, बराच मागे पडला असून त्याची जागा सहायक क्रियापदाच्या संयुक्त भूतकाळाने घेतली आहे. फ्रेंचमध्ये हे अंतर आणखी मोठे आहे. तेथील कथेचा साधा भूतकाळ बोलण्यातून गेलेलाच आहे. आल्बेर काम्यू यांच्या १९४२ च्या 'लेत्रांजे' या कादंबरीचे निवेदन मुख्यतः बोलण्यातील संयुक्त भूतकाळात आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या हाती ती इतक्या लवकर दिली जाते, याचे अर्धे कारण तिच्या तत्त्वज्ञानात नसून या लकारात आहे. जर्मनच्या वर्गात उपाय सोपा आहे. गोष्ट एका भूतकाळात वाचावी आणि पुस्तक मिटून दुसऱ्या भूतकाळात सांगावी. वाचणे व सांगणे यांच्यातील हे रूपांतर म्हणजेच व्याकरणाचा तास होय.

पुस्तक मिटण्याचा हा प्रश्न शेवटी सर्वांत निकराचा ठरतो. बोपच्या लॅटिनने एक सोय केली आणि एक सवय लावली. भाषांतर शेजारी असले की डोळा तिकडे जातो. आपल्या महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला जे पिढ्यान्पिढ्या घडत आले, म्हणजे शिक्षकाने अर्थ सांगावा, विद्यार्थ्याने तो उतरून घ्यावा आणि परीक्षेसाठी गाइड वाचावे, त्यात वाङ्मय शिकवले गेले पण भाषा आली नाही. याचा ठपका वाङ्मयावर ठेवला जातो. वस्तुतः तो वर्गातील प्रश्नांच्या अभावावर ठेवावयास हवा.

याबाबतीत जुन्या पाठशाळेतील खंडान्वयाची रीत पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे. शास्त्री प्रथम वाक्यातील क्रियापद उचलतो आणि मग संस्कृतातच विचारतो: कः? उत्तर येते, राजा. कीदृशः? बली. पुनः कीदृशः? रूपवान्. कैः उपपन्नः? गुणैः. श्लोक संपेपर्यंत विद्यार्थ्याने दहा उत्तरे संस्कृतात दिलेली असतात आणि त्यांतील प्रत्येक पद त्याच्या डोळ्यांसमोर असते. त्याला ते फक्त निवडावयाचे असते. परभाषा त्याच भाषेतून शिकवावी, हे सूत्र युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या पद्धतीचे म्हणून गाजले. येथे ते टीकाकारांच्या पोथ्यांत निमूटपणे चालत होते. प्रश्न कोठपर्यंत सोपा ठेवावा, याचे माप श्लोकच देतो: ज्याचे उत्तर मजकुरात नाही तो प्रश्न नवख्याला विचारावयाचा नाही. हीच रीत जर्मन लोककथेला किंवा जपानी बालकथेला लावण्यास कसलाही अडथळा नाही. लॅनमन यांच्या पुस्तकाच्या शेवटी जो नेटका शब्दसंग्रह आहे आणि टिपांत व्हिटनींच्या १८७९ च्या व्याकरणातील कलमांचे जे हवाले आहेत, ते एकट्याने अभ्यास करणाऱ्यासाठी अमोल आहेत. परंतु ते वर्गात प्रश्न विचारीत नाहीत.

एक व्यावहारिक गोष्ट राहते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतील आरण्यकपर्व विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९४२ मध्ये संपादित केले. बोप, मोनियर-विल्यम्स व लॅनमन यांचा पाठ त्यापूर्वीचा आहे. त्यामुळे अध्यायांचे क्रमांक जुळत नाहीत आणि कोठे कोठे शब्दही वेगळे आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती जुन्या पाठाचे सटीप पुस्तकच द्यावे, कारण शब्दसंग्रह त्या पाठाला बांधलेला आहे. चिकित्सक आवृत्तीचा खंड वर्गातील मेजावर असू द्यावा. एखाद्या ठिकाणी दोन पाठ वेगळे दिसले की प्रथम रूप ओळखावे, मग छंदात बसते का ते पाहावे, आणि मग कोणते आधीचे असावे याचा तर्क करावा. तीन महिने नळाबरोबर काढलेल्या विद्यार्थ्याला हा तर्क करता येतो.